दहावीची मार्कशीट : हा रिपोर्ट कसा वाचायचा?

आपण इथे आजवर हिमोग्राम, थायरॉइड, लिपिड प्रोफाइल असे बरेच रिपोर्ट कसे वाचायचे ते पाहिलं. आजचा रिपोर्ट लॅबमधून येत नाही. तो जवळजवळ प्रत्येक घरात असतो, प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवलेला असतो, आणि माझ्या अनुभवात त्याने जितक्या लोकांची झोप उडवली आहे तितकी कोलेस्टेरॉलने उडवलेली नाही. तो म्हणजे मुलांची मार्कशीट.

‘डॉक्टर, यात तुमचा काय संबंध?’ असं कुणी विचारेल. संबंध असा, की जानेवारी उजाडला की ओपीडीत एका ठराविक प्रकारचे पेशंट वाढतात. दहावी-बारावीची मुलं. सकाळी पोटात दुखतं, मळमळतं, डोकं दुखतं, रात्री झोप लागत नाही. रविवारी मात्र बरं असतं.

अशीच एक मुलगी तिच्या आईबरोबर आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोनोग्राफी नॉर्मल, लघवी नॉर्मल. आई म्हणाली, “डॉक्टर, परवापासून दुसरी प्रिलिम आहे. काहीतरी चांगलं औषध द्या. हिचं काही लक्षातच राहत नाही बघा.” मी मुलीला सहज विचारलं, “पेशीचं विभाजन कसं होतं, सांग बघू.” तिने माझं प्रिस्क्रिप्शन पॅड ओढून घेतलं आणि सूत्री विभाजनाच्या चारही अवस्था काढून दाखवल्या. गुणसूत्रं मध्यभागी का येतात, मग दोन टोकांना कशी ओढली जातात, सगळं स्वतःच्या शब्दांत सांगितलं. त्यावर आईने पिशवीतून पहिल्या प्रिलिमचा विज्ञान भाग दोनचा पेपर काढून टेबलावर ठेवला. ४० पैकी १३.

आता खरं काय मानायचं? तो १३ चा आकडा, की पॅडवरची आकृती?

माझं मत आधीच सांगून टाकतो. मार्क खोटे नसतात, पण अपुरे असतात. ते एका दिवशी, एका पद्धतीने घेतलेलं एक रीडिंग असतं. आपण मात्र ते अंतिम निदान असल्यासारखं वाचतो, आणि त्यावरून मुलाला हुशार किंवा ढ ठरवून मोकळे होतो. कुठलाही रिपोर्ट असा वाचला तर पेशंटचं नुकसान होतं. इथेही होतं.

चांगली टेस्ट कशाला म्हणायचं?

कुठल्याही तपासणीला आम्ही दोन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : तीच तपासणी पुन्हा केली, तर उत्तर साधारण तेच येतं का? आज वजन ६० किलो आणि पाच मिनिटांनी ६४ दाखवलं, तर तो काटा फेकून द्यावा लागतो.

दुसरा प्रश्न : तपासणी जे मोजते असं म्हणते, तेच मोजते का? एखादा काटा दर वेळी न चुकता दोन किलो जास्त दाखवत असेल, तर तो पहिल्या परीक्षेत पास आणि दुसऱ्या परीक्षेत नापास.

शाळेच्या पेपरला हे दोन्ही प्रश्न लावून पाहा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत १९१२ सालीच शोधलं गेलं होतं. स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी एकाच विद्यार्थ्याच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून शंभरावर शिक्षकांना तपासायला दिल्या. कागद तोच, उत्तरं तीच. कुणी पन्नासच्या आसपास गुण दिले, तर कुणी नव्वदच्या वर. आज आपल्या बोर्डात नमुना उत्तरं असतात, तपासनीसाच्या वर नियामक असतो, त्यामुळे इतका फरक पडत नाही. पण निबंध, पत्र, ‘तुमचे मत लिहा’ अशा प्रश्नांत दोन-चार गुण इकडेतिकडे होतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं.

दोन-चार गुणांनी काय बिघडतं? उपाशीपोटीची साखर १२५ आली तर तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि १२६ आली तर मधुमेही. म्हणूनच लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर आम्ही मधुमेहाचा शिक्का मारत नाही. तपासणी पुन्हा करतो, मगच ठरवतो. शाळेत ३४ आणि ३५ यांच्यामध्येही असाच एक उंबरठा आहे. तिथे मात्र बहुतेक घरांत एकाच रीडिंगवर निकाल लागतो, आणि बोर्डाच्या आधी आपणच तो लावतो.

थर्मामीटर बदलला, ताप बदलला

दुसऱ्या प्रश्नासाठी परदेशात जायची गरज नाही. आपल्या राज्याच्या दहावीच्या चार निकालांकडे पाहा.

२०१८ : ८९.४१ टक्के
२०१९ : ७७.१० टक्के
२०२० : ९५.३० टक्के
२०२१ : ९९.९५ टक्के

एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बारा टक्क्यांनी बिघडली, आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी सुधारली, असं कुणी म्हणेल का? आमच्या कोल्हापूर विभागातल्या, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यातल्या शाळांनी २०१९ च्या जूनमध्ये निकालानंतरचा जो गोंधळ पाहिला, तो अनेकांना आठवत असेल. तेच शिक्षक, तीच बाकं आणि टक्के घसरलेले.

झालं असं, की २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते आणि त्या विषयांचे पेपर पूर्ण १०० गुणांचे लेखी केले होते. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता. निकाल कोसळला, आरडाओरडा झाला. राज्य मंडळाची मुलं अकरावीच्या प्रवेशात इतर बोर्डांच्या मुलांपुढे मागे पडणार, अशी तक्रार झाली आणि अंतर्गत गुण परत आले. पुढच्या वर्षी निकाल ९५ च्या वर. (२०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले. ती गोष्टही हिशोबात धरायला हवी.)

२०२१ मध्ये तर दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल, दहावीतल्या वर्षभराच्या चाचण्या आणि अंतर्गत मूल्यमापन यांची बेरीज करून गुण दिले. जवळजवळ सगळी मुलं पास. त्यांना अकरावीत प्रवेश कसा द्यायचा म्हणून सरकारने वेगळी सीईटी जाहीर केली, ती त्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवली.

या चार आकड्यांतून मी एवढाच अर्थ काढतो : निकालाचा बराचसा भाग मुलाच्या डोक्यात नसतो, तो मोजपट्टीत असतो. २०१९ च्या मुलांना नंतर बरीच वर्षं ‘तुमची बॅच कच्ची’ असं ऐकावं लागलं, आणि २०२१ च्या मुलांना ‘तुम्ही करोना पास’. दोन्ही शेरे अन्यायाचे. थर्मामीटर आपण बदलला आणि ताप त्यांच्या कपाळावर लिहिला.

उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी

मधुमेहाच्या पेशंटना हा भाग लगेच समजेल. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद, भात बंद, रंकाळ्याला दोन चकरा. उपाशीपोटीची साखर छान येते. पेशंट खूश. मग मी एचबीएवनसी करायला सांगतो आणि चेहरा उतरतो, कारण ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि त्या काळात रक्तात किती साखर होती याची नोंद त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनवर राहते. दोन दिवसांचं पथ्य तिथे चालत नाही.

तीन तासांचा लेखी पेपर ही उपाशीपोटीची साखर आहे. शेवटचे दोन आठवडे गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच घोटला की रीडिंग बरं येतं. एप्रिलमध्ये त्याच मुलाला तोच प्रश्न विचारा, पाटी कोरी असते.

मग वर्षभराचं अंतर्गत मूल्यमापन म्हणजे एचबीएवनसी का? कल्पना तीच होती, आणि कल्पना चांगली होती. वर्षभर मूल काय करतं, कसं बोलतं, प्रयोग कसा करतं, हे रोज पाहणाऱ्या शिक्षकापेक्षा जास्त कुणाला कळणार? पण प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत २० पैकी १८, १९, २० याच्या खाली आकडा जातच नाही. तोंडी परीक्षा एका तासात साठ मुलांची उरकते. शाळेचा निकाल त्याच गुणांवर अवलंबून, आणि गुण देणारी शाळाच. उद्या एखाद्या लॅबने सगळ्यांचाच एचबीएवनसी ५.५ द्यायला सुरुवात केली, तर पेशंट खूश होतील, पण त्या रिपोर्टचा उपयोग शून्य.

यात एकट्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या आकड्यावर शाळेची अब्रू आणि मुलाचा प्रवेश टांगलेला असतो, तो आकडा कुणाच्याही हातात दिला तरी फुगणारच.

पेपर आणखी काय काय मोजतो?

विज्ञानाच्या पेपरात विज्ञान मोजलं जातंच. पण त्याबरोबर आणखी पुष्कळ गोष्टी नकळत मोजल्या जातात. डॉक्टर म्हणून मला रोज दिसणाऱ्या काही सांगतो.

*हाताचा वेग.* येतं सगळं, पण पेपर पुरा होत नाही.

*डोळे.* मागच्या बाकावरून फळा अंधुक दिसतो, हे मुलाला स्वतःलाही कळत नाही. सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. चष्मा लागल्यावर ‘अभ्यासात सुधारणा’ झालेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत.

*रक्त.* राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ८ असलेली मुलगी दुपारी वाचायला बसली की तिला झोप येणारच. घरात त्याला आळस म्हणतात.

*झोप.* या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. दिवसा वाचलेलं पक्कं बसण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो. रात्री दोनपर्यंत जागून मूल जेवढं मिळवतं, त्यापेक्षा जास्त घालवतं.

*भीती.* ताण फार वाढला की साठवलेली माहितीही वेळेवर बाहेर येत नाही. ‘पेपर हातात आला आणि सगळं पुसलं गेलं’ असं मूल सांगतं, तेव्हा ते बहाणा करत नसतं. दवाखान्यात आलं की ज्यांचा रक्तदाब वाढतो आणि घरी नॉर्मल येतो, असे पेशंट आम्ही रोज पाहतो. त्यांना आम्ही खोटारडे म्हणत नाही. घरी मोजून या म्हणतो.

*वाचन-लेखनाची अडचण.* काही मुलांची बुद्धी उत्तम असते, पण अक्षरं ओळखणं आणि लिहिणं यात मेंदूचीच वेगळी अडचण असते. ‘तारे ज़मीन पर’ मुळे डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला, पण तपासणी अजून पोचलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत प्रमाणपत्रावर जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

*मिळालेली संधी.* ही सगळ्यात मोठी. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. बरोबर त्यांची मुलं असतात. दिवाळीच्या आसपास गाव सुटतं, ते पार मार्चमध्ये परत. या मुलाला आणि राजारामपुरीत तीन क्लास लावलेल्या मुलाला एकच पेपर दिला की आपण म्हणतो, परीक्षा सगळ्यांना सारखी. पेपर सारखा आहे हे खरं. पण त्यात एक मूल शिकलं नाही हे दिसतं आणि त्याला शिकवलंच गेलं नाही हे दिसत नाही.

मंडईतलं गणित

कपिलतीर्थ मंडईत आईबरोबर भाजी विकायला बसलेलं एखादं मूल पाहा. पाऊण किलो वांगी, ४० रुपये किलोने, वर दहाची कोथिंबीर, शंभराची नोट. तुम्ही मोबाइल काढायच्या आत ते ६० रुपये परत देतं. त्याच मुलाला वहीवर तोच हिशोब मांडायला सांगा.

याचा अभ्यास झालेला आहे. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची चाचणी घेतली. २०२५ मध्ये ती ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आली. बाजारातली मुलं अवघड तोंडी हिशोब बिनचूक करत होती, पण पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीने मांडलेली तुलनेने सोपी गणितं त्यांना जमत नव्हती. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं वहीतली गणितं बरी सोडवत होती, पण बाजारातला हिशोब समोर आला की अडत होती.

म्हणजे पेपरने एकाला नापास केलं ते चुकीचं, आणि दुसऱ्याला पास केलं तेही अर्धवटच. आमच्या भाषेत याला फॉल्स पॉझिटिव्ह आणि फॉल्स निगेटिव्ह म्हणतात. आजार नसून रिपोर्ट बिघडलेला, आणि आजार असून रिपोर्ट नॉर्मल. घरात आपण पहिल्या प्रकारावर रडतो. दुसऱ्या प्रकारावर पेढे वाटतो, त्यामुळे तो सापडतच नाही. ९२ टक्के मिळवून अकरावी सायन्सला गेलेलं आणि पहिल्याच सहामाहीत कोसळलेलं मूल घेऊन पालक माझ्याकडे येतात. ‘दहावीपर्यंत इतका हुशार होता हो!’ त्याचा पाया आधीच कच्चा होता. रिपोर्टने ते दाखवलं नव्हतं.

मग परीक्षाच बंद करायच्या का?

नाही. इथे अनेकांशी माझं पटत नाही.

एक तर, परीक्षा काढून टाकली की निवड थांबत नाही. ती ओळखीवर, पैशावर, इंग्रजी बोलण्यावर, आडनावावर होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, तेव्हा त्या मुलांना पुढे नोकरीत आणि कॉलेजात शिरायला जे दार मिळालं, त्यावर परीक्षेचा नंबर लिहिलेला होता. तपासणाऱ्याला मुलाचं गाव, जात, बापाचा धंदा दिसत नाही, ही आपल्यासारख्या समाजात लहान गोष्ट नाही. लेखी पेपराची ही ताकद मी मान्य करतो. खेड्यातून येऊन डॉक्टर झालेले माझे निम्मे वर्गमित्र त्याच दारातून आले.

दुसरं, न मोजल्याने आजार बरा होत नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर बरीच वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, असं धोरण होतं. त्याच कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलं होतं, म्हणजे नापास करू नका, पण मूल कुठे अडलंय ते सतत पाहा. आपण पहिलं वाक्य पाळलं आणि दुसरं विसरलो. ‘असर’ सर्वेक्षणात गावोगावी घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून वाचून घेतात. २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला नाही. ती मुलं पाच वर्षं वर्गात बसून होती. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास पुन्हा परीक्षा आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात ठेवण्याचा नियम आणला. आता मोजणं सुरू झालं. उपचाराचं काय, हा माझा प्रश्न आहे. पुन्हा परीक्षा होईपर्यंतच्या काळात त्या मुलाला वेगळं कोण शिकवणार? नुसती दुसऱ्यांदा तपासणी केल्याने हिमोग्लोबिन वाढत नाही.

तिसरं, परीक्षा हे नुसतं मोजमाप नाही, योग्य मात्रेत ते औषधही आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग छापला. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे स्वतःची छोटी परीक्षा घेतल्यानेच शिकणं पक्कं होतं. पण मात्रा महत्त्वाची. रोजची छोटी, बिनभीतीची चाचणी हे औषध. वर्षातून एकदा, सगळ्या आयुष्याचा भार टाकून दिलेला मोठा डोस, हे विष.

वेगळ्या पद्धतीने मूल पाहता येतं, याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांना भोवतालातून, कामातून, प्रश्न विचारत शिकू द्यायचं आणि शिक्षकाने मुलाकडे बारकाईने पाहत राहायचं, हा तिथला आग्रह. ती पद्धत जशीच्या तशी साठ मुलांच्या वर्गात उतरवणं अवघड आहे, हे मला कळतं. पण ‘मूल किती शिकलं’ याचं उत्तर आकड्याशिवायही देता येतं, एवढं तिने दाखवून दिलं.

माझी मागणी छोटी आहे. बाहेरचा लेखी पेपर राहू दे, पण त्या एका दिवसावरचं ओझं कमी करा. अंतर्गत गुण राहू देत, पण आम्हा डॉक्टरांच्या परीक्षेला जसे बाहेरचे परीक्षक येतात आणि पेशंटच्या कॉटशेजारी उभं करून विचारतात, तसं दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी येऊन काही मुलांची तोंडी परीक्षा खरोखर घ्यावी. आणि प्रत्येक निकालाबरोबर ‘पुढे काय करायचं’ हे लिहून यावं. उपचार न सांगणारा रिपोर्ट पेशंटच्या काय कामाचा?

तोपर्यंत घरी काय करता येईल?

१. आकडा पाहण्याआधी उत्तरपत्रिका पाहा. कुठे चुकलं, की कुठे सुटलं? न येणं, न समजणं, घाई आणि वेळ न पुरणं हे चार वेगळे आजार आहेत, त्यांना औषधंही वेगळी. बोर्डाच्या पेपरचीही छायाप्रत अर्ज करून मिळते.

२. ‘मला समजावून सांग’ ही टेस्ट घ्या. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल, उलट बरंच. मूल स्वतःच्या शब्दांत सांगू शकलं तर त्याला येतंय.

३. तोंडी छान आणि लेखी सतत वाईट, असं वर्षानुवर्षं असेल तर रागावू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. दहावीच्या फेब्रुवारीत नको, पाचवी-सहावीतच.

४. वर्षातून एकदा डोळे, गरज वाटली तर कान, आणि मुलींचं हिमोग्लोबिन तपासा. क्लासच्या एका महिन्याच्या फीपेक्षा हे स्वस्त आहे.

५. परीक्षेच्या काळात झोप कापू नका. स्मरणशक्तीचं टॉनिक मागू नका, तसं औषध माझ्याकडे नाही. रात्रीची झोप आणि सकाळचा नाश्ता एवढंच आहे.

६. मार्क कमी पडले तर काय करायचं, हे निकालाच्या आधीच मुलाला सांगून ठेवा. पुरवणी परीक्षा आहे, एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेशाची सोय आहे, आयटीआय आहे, इतर रस्ते आहेत. हे निकालानंतर सांगितलं तर समजूत काढल्यासारखं वाटतं. आधी सांगितलं तर आधार वाटतो.

७. मूल एकटं राहायला लागलं, जेवण सुटलं, ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसलेलं बरं’ अशी वाक्यं आली, तर ती कधीही मनावर न घेता सोडू नका. ‘तू असा विचार करतोयस का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात भरले जात नाहीत. त्या मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर कुठल्याही वेळी चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं? आम्ही तिघांनी मिळून तो १३ गुणांचा पेपर उघडला. पहिले दोन प्रश्न जवळजवळ पूर्ण बरोबर. त्यानंतर पानं कोरी. ती प्रत्येक प्रश्न आधी पूर्ण उतरवून काढत होती, दोन रंगांच्या पेनांनी, खाली पट्टीने रेघा मारत. ‘नीटनेटकं लिही’ हे तिला लहानपणापासून सांगितलेलं, ते ती इमानाने पाळत होती. शिवाय झोप पाच तास आणि हिमोग्लोबिन ९.२. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, रात्री साडेदहाला पुस्तक बंद करायला सांगितलं आणि घड्याळ लावून पेपर सोडवायला सांगितलं. पोटदुखीला औषध दिलंच नाही. ती दोन आठवड्यांत कमी झाली.

निकालात तिला ७१ टक्के पडले. आईला अजूनही थोडे कमीच वाटतात. मला त्यांच्यावर राग नाही, शेजारच्या मुलाला ८८ आहेत.

लॅबच्या बऱ्याच रिपोर्टांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते, ती तुम्ही पाहिली असेल : पेशंटची लक्षणं पाहून अर्थ लावावा. मार्कशीटवर ती ओळ छापलेली नसते. तुमच्या घरातली पुढची मार्कशीट हातात येईल तेव्हा ती ओळ तुम्हीच मनात वाचा, आणि कागद बाजूला ठेवून आधी समोरच्या मुलाकडे पाहा.